ॲरिस्टॉटल आणि खाडीतले कोळी

ॲरिस्टॉटल म्हटले की आपल्याला तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, काव्यशास्त्र आठवते. पण त्याच्या उपलब्ध लेखनाचा मोठा हिस्सा प्राण्यांविषयी आहे, आणि त्यात मासे, माकूल, शिंपले जागोजागी भेटतात. मनोरीत राहून, ओहोटीला कालवे काढणाऱ्या बायका रोज पाहत मी हे ग्रंथ वाचले, तेव्हा त्याच्या वैचारिक जडणघडणीविषयीचा एक जुना वाद मला महत्त्वाचा वाटू लागला.

इ.स.पू. ३६७ मध्ये, सतराव्या वर्षी, तो प्लेटोच्या अकादमीत आला आणि तिथे वीस वर्षे राहिला. डोळ्यांना दिसणारे जग सतत बदलते, म्हणून खरे ज्ञान न बदलणाऱ्या चिरंतन रूपांचेच, ही गुरूची शिकवण. प्लेटोच्या मृत्यूच्या सुमारास, इ.स.पू. ३४७ मध्ये, त्याने अथेन्स सोडले. आधी आशिया मायनरमधील अस्सोस, मग लेस्बॉस बेट, पुढे मॅसिडोनिया, आणि ३३५ मध्ये पुन्हा अथेन्स.

वेर्नर येगर या जर्मन पंडिताने १९२३ मध्ये या प्रवासाची मांडणी केली : आरंभी निष्ठावान प्लेटोवादी, हळूहळू गुरूपासून दूर, आणि प्राण्यांचा अभ्यास अगदी अखेरीस. पण प्राणिवर्णनाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या डार्सी टॉमसन यांना १९१० मध्येच वेगळे दिसले होते. ग्रंथात लेस्बॉसवरच्या पिऱ्हाच्या खाडीचा उल्लेख वारंवार येतो. १९४८ मध्ये एच. डी. पी. ली यांनी स्थळनामे तपासून याच मताला बळ दिले. स्थळनामांवरून निरीक्षण कुठे झाले ते कळते, ग्रंथ कधी लिहिला ते नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरी चाळिशीच्या आसपास, थिओफ्रास्टसच्या या बेटावर, तो खाडीत डोकावत होता एवढे मला पुरेसे वाटते.

तिथे त्याने काय टिपले? हिवाळ्यात थंडीमुळे बहुतेक मासे खाडीबाहेर जातात. तिथले शिंपले एकदा नाहीसे झाले, ते अवर्षणाने आणि तळ खरवडणाऱ्या कोळ्यांच्या अवजारानेही. आजच्या मासेमारीच्या वादात शोभेल अशी ही नोंद तेवीसशे वर्षांपूर्वीची आहे.

ही माहिती बरीचशी कोळ्यांकडून आलेली. त्यांना तो दोषही देतो : मासळीची मादी नराचे वीर्य गिळून गाभण राहते असे ते मानतात, कारण निव्वळ जाणण्यासाठी कोणी पाहत नाही. इथे तो बरोबर होता. पण नर ऑक्टोपसचा एक बाहू समागमाच्या कामी येतो, हे कोळ्यांचे म्हणणे नोंदवूनही प्रजननात त्याचा उपयोग नाही असे त्याने ठरवले. एकोणिसाव्या शतकात कोळीच खरे ठरले.

माझ्या मते त्याच्या विचारातले वळण इथे दिसते. अंड्यातून मासा घडताना पाहणाऱ्याला रूप वस्तूच्या बाहेर, वेगळ्या लोकात ठेवणे अवघड जाते. ते त्या जिवातच असते आणि वाढीतून प्रकट होते. हा सिद्धांत केवळ गुरूशी वाद घालून झालेला नसावा. थिओफ्रास्टसचे नाव इतिहासात राहिले. ज्यांनी जाळ्यातली मासळी ॲरिस्टॉटलपुढे ओतली, त्या कोळ्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.