गावचा पैसा, गावचा कारागीर : वर्ध्याच्या इतिहासातील काही पाने

समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याला गेलेल्या प्रत्येकाने तेथील गोल, सुपारी-जायफळासारखे दिसणारे दगड एकदा तरी हातात घेतलेले असतात. ज्वालामुखीच्या खडकात तयार झालेले हे खनिजाचे गोळे आहेत, असे भूगर्भशास्त्र सांगते. परंतु लोकांमध्ये चालत आलेली कथा वेगळी आहे. दोन फिरते व्यापारी नारळ, जायफळ असा माल घेऊन या वाटेने चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सारा माल दगड झाला. व्यापारी गयावया करू लागले, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते दोघे मग तेथेच सेवेत राहिले आणि टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच आहेत, असे सांगतात.

कथेतील चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला तिच्यातील एक गोष्ट नेहमी विचार करायला लावते. व्यापाऱ्याचा उद्दामपणा बाबांनी चालू दिला नाही; पण त्याचा व्यापार बुडवून त्याला वाऱ्यावरही सोडले नाही. माल परत दिला, आणि तो माणूस गावचा झाला. आपल्या जिल्ह्यातील बाजार, कारागीर आणि वस्ती यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहताना ही कथा वारंवार आठवते.

वर्धा शहर तसे फार जुने नाही. १८६२ साली नागपूर जिल्ह्यापासून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. त्याचे पहिले ठाणे पुलगावजवळ कवठा येथे होते. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी नवे शहर आखले गेले. पुढच्याच वर्षी नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली. आर्वी, हिंगणघाट ही गावे मात्र जुनी. आर्वी ज्यांनी वसविली असे मानतात त्या तेलंगराव वलींना हिंदू आपले म्हणतात आणि मुसलमानही आपले म्हणतात, आणि त्यांच्या समाधीला दोघेही जातात. बाजारपेठेच्या गावाला असाच संस्थापक शोभतो, असे गमतीने म्हणावेसे वाटते.

रेल्वेने वऱ्हाड आणि वर्ध्याचा कापूस मुंबईला आणि मुंबईहून विलायतेला नेला. 'हिंगणघाटी' हे कापसाच्या जातीचे नाव परदेशच्या बाजारात ओळखीचे झाले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, हिंगणघाट व पुलगावला कापडगिरण्या आल्या, हजारो हातांना काम मिळाले. हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु ज्या गाडीने कापूस गेला त्याच गाडीने परतीला सूत, कापड, रॉकेल आणि साखर आली, आणि ज्यांचे पोट या वस्तू हाताने बनविण्यावर होते त्यांच्या घरी चूल थंडावू लागली.

यात आपल्या समाजातील एक वर्ग विशेष होता. मध्य प्रांतात त्यांना 'बहना' म्हणत, मराठी मुलखात पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचे, तातीच्या 'तुन तुन' आवाजात सरकी काढलेला कापूस पिंजायचा, पेळू करायचे, गाद्या-रजया भरायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. यंत्राच्या जिनांमुळे या लोकांचा धंदा कसा खालावला, याची नोंद त्यातही आहे. म्हणजे ज्या कापसाने जिल्हा श्रीमंत झाला, तोच कापूस पिंजणारा गरीब झाला. पिंजारी गेला तेव्हा तो एकटा गेला नाही. त्याला धनुकली करून देणारा सुतार, त्याच्याकडून पेळू घेणारी सूत कातणारी विधवा, ते सूत विणणारा कोष्टी व मोमीन, हे सारे एकाच माळेचे मणी होते. दोरा एका ठिकाणी तुटला की माळ उरत नाही.

अशा पार्श्वभूमीवर १९३४ साल उजाडले. जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे गांधीजींचा मुक्काम वर्ध्यात होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुरुंगातून सुटलेले, परंतु सरहद्द प्रांतात व पंजाबात जाण्याची बंदी असलेले खान अब्दुल गफारखान हेही जमनालालजींचे पाहुणे म्हणून वर्ध्यात राहत होते. ७ डिसेंबर १९३४ रोजी त्यांना येथेच पुन्हा अटक झाली. त्यानंतर एकाच आठवड्याने, १४ डिसेंबरला, वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, जे. सी. कुमारप्पा संघटक व चिटणीस. पहिल्या मंडळात गफारखानांचे थोरले बंधू डॉ. खानसाहेब होते; सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, सी. व्ही. रामन यांच्याबरोबर डॉ. मुख्तार अहमद अन्सारी होते. जमनालालजींनी आपली बाग संघाला दिली. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले.

कुमारप्पा हे तंजावरचे ख्रिस्ती गृहस्थ, विलायतेत हिशेबतपासनीस झालेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. त्यांनी खेड्याकडे पाहिले ते हिशेबनिसाच्या नजरेने. पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हा त्यांचा प्रश्न. ही गोष्ट मुलांना समजावी म्हणून मी तेलाचेच उदाहरण घेतो, कारण मगनवाडीत सर्वांत जास्त खटपट तेलाच्या घाणीवर झाली.

गावातील तेल्याने गावातल्या शेतकऱ्याकडून तीळ, जवस वा भुईमूग घेतला. शेतकऱ्याला पैसा मिळाला. तेल गावात विकले गेले, पेंड गावच्याच गाई-बैलांच्या पुढ्यात पडली, शेण गावच्या शेतात गेले. घाणीचा लाट झिजला तर सुताराला काम, बैलाचे नाल गेले तर नालबंदाला काम. सुताराने आपली मजुरी घेऊन किराणा दुकान गाठले, दुकानदाराने कापड घेतले, शिंप्याने मुलाची फी भरली. एकच रुपया सहा घरी पाहुणचार घेऊन फिरला. आता तेच तेल शहरातल्या गिरणीच्या डब्यातून आणले, तर कदाचित शेराला आणा-दोन आणे वाचतील. पण बी बाहेर गेले, पेंड बाहेर राहिली, आणि रुपया गावाच्या वेशीबाहेर गेला तो फिरून आला नाही. वाचलेले दोन आणे आपल्या डोळ्यांना दिसतात. गेलेला रुपया दिसत नाही, कारण तो शेजाऱ्याच्या घरातून गेलेला असतो.

मगनवाडीचा मोठेपणा असा की त्यांनी केवळ 'जुने ते सोने' म्हणून हात जोडले नाहीत. झवेरभाई पटेल यांनी घाणीचा अभ्यास करून तिच्यात सुधारणा केल्या. एका वेळी अधिक बी घेणारी आणि अधिक तेल देणारी ही घाणी पुढे 'वर्धा घाणी' म्हणून देशभर ओळखली गेली. रॉकेलऐवजी गावच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' कंदील येथेच तयार झाला. हातकागदाचे प्रयोग के. बी. जोशी यांनी केले आणि १९४० मध्ये पुण्याला हातकागदाची संस्था उभी राहिली. हा कागद म्हणजे आपल्याच कागजी घराण्यांची विद्या. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा येथील मुसलमान कारागिरांच्या कागदावर दफ्तरे लिहिली जात. गिरणीच्या कागदाने त्यांना मागे टाकले होते. त्यांच्या हुनराकडे शिकलेल्या माणसांनी आदराने पाहिले, हे मगनवाडीच्या काळात घडले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ही वास्तू आजही वर्ध्यात आहे.

त्याच सुमारास मध्य प्रांत सरकारने कुमारप्पांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक पाहणी समिती नेमली आणि तिने ६०६ खेड्यांची पाहणी केली. वातानुकूलित खोलीत बसून केलेले हे काम नव्हते.

येथे एक अडचणीचा प्रश्न येतो. गावच्या माणसाकडून महाग घ्यायचे, तर ते का घ्यायचे? १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्या बायांना पोट भरेल इतकी मजुरी देण्याचे धोरण ठरविले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, अशी गांधीजींची इच्छा होती. प्रत्यक्षात सुरुवात त्याहून बरीच खालून करावी लागली, आणि तेवढ्यानेही खादीची किंमत चढली. काही कार्यकर्ते घाबरले, खप कमी होईल म्हणाले. गांधीजी मागे हटले नाहीत. स्वस्त खादी जर कातणारीच्या उपाशीपोटातून येत असेल, तर ती स्वस्त कशी म्हणायची, असा त्यांचा रोख होता. मला हा मुद्दा पटतो. परंतु महिन्याची तोंडमिळवणी करणाऱ्या पालकाला तो नुसता ऐकवून भागत नाही, हेही मी जाणतो. ज्याला परवडते त्याने पहिले पाऊल टाकावे.

दुसरी बाजू दुकानदाराची. गावचा आहे म्हणून त्याला सारे माफ, असे कोणी समजू नये. ग्रामोद्योग संघ दुकानांना प्रमाणपत्र देई, पण त्यासाठी माल शुद्ध, हिशेब चोख आणि कारागिराला मजुरी रास्त अशी अट असे. आपल्याला तर हे बाहेरून शिकण्याची गरज नव्हती. हुजूर पैगंबर साहेबांनी हजरत खदीजा यांच्या व्यापाराचा माल इमानदारीने नेला-आणला, आणि मापात पाप करणाऱ्यांच्या नावाने कुरआन शरीफमध्ये एक संबंध सूरह आहे. उधारीच्या वहीत गरिबाच्या नावापुढे एक आकडा वाढवून लिहिणारा दुकानदार आपल्या मोहल्ल्यात असेल, तर लोक शहराच्या मोठ्या दुकानात गेले म्हणून त्याने कुरकुर करू नये.

आणि आणखी एक सांगणे आवश्यक वाटते. 'आपल्या माणसाकडून घ्या' याचा अर्थ पाटीवरचे नाव वाचून दुकान निवडा, असा नाही. वर्ध्याच्या या साऱ्या कामात बनिया घरची बाग, ख्रिस्ती हिशेबनीस, गुजराती तंत्रज्ञ, पठाण पाहुणे आणि मुसलमान कागज्यांची कला एकत्र आली होती. तणावाच्या काळात एकमेकांच्या दुकानांवर बहिष्काराची भाषा ऐकू येते, ती दोन्हीकडून चूक आहे. पिंजाऱ्याची गादी हिंदूच्या लग्नात जाते आणि कासाराच्या बांगड्या आपल्या निकाहात येतात.

शिक्षणाशी याचा काय संबंध, असे विद्यार्थी विचारतील. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यातच राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना गांधीजींनी मांडली. जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन तेथे उपस्थित होते, आणि त्यांनी होयबा न होता स्पष्ट सांगितले की शाळेचा खर्च मुलांच्या कामातून काढण्यावर भर दिला तर गुरुजी मुकादम होतील आणि गरीब मुले राबतील. एवढी टीका करणाऱ्यालाच गांधीजींनी अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष केले, ही त्या काळची रीत. 'नई तालीम' म्हणून ही योजना प्रसिद्ध झाली आणि तिच्या संघाचे अध्यक्षपदही झाकीर साहेबांकडे आले. १९६७ साली ते राष्ट्रपती झाले. हाताने काम करणाऱ्याला शिक्षणात मानाची जागा देणारी योजना आपल्या जिल्ह्यात आखली गेली आणि तिचा आराखडा एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाच्या हातून उतरला, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

ती योजना पुढे रुजली नाही. ग्रामोद्योग संघही स्वातंत्र्यानंतर सर्व सेवा संघात विलीन झाला. पुलगावची गिरणीही बंद पडली. जिने हातकाम मागे सारले होते तिलाच मग इतरांनी मागे सारले. मगनवाडीत १९५५ पासून सुरू असलेली संशोधन संस्था २००८ पासून महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था या नावाने काम करते. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक मात्र बाहेरगावचे पाहुणे आजही आवर्जून नेतात. आसपासच्या गोपालकांच्या दुधातुपावर उभे राहिलेले हे नाव जाहिरातीच्या फलकांशिवाय टिकले.

आता हातात मोबाइल आहे. बोट दाबले की चादर, चप्पल, वही दारात येते. त्याला कोणी बंदी घालू शकत नाही. पण या स्मरणिकेची मागची पाने उलटून पाहावीत. सायकल दुरुस्तीवाला, शिंपी, किराणा दुकानदार, औषधविक्रेता, बेकरीवाला, लाकडाची वखार, अशांच्या जाहिरातींच्या पैशातून ही छापली जाते. शाळेच्या खोलीला पत्रे हवे असतात, गरजू मुलीची परीक्षा-फी भरायची असते, तेव्हा संस्थेचे कार्यकर्ते यांच्याच गल्ल्यापाशी जाऊन उभे राहतात आणि रिकाम्या हाताने परत येत नाहीत. दूरच्या गोदामातून वही पाठविणाऱ्याकडे पावतीपुस्तक घेऊन कोणी जायचे?

विद्यार्थ्यांना एक काम सुचवितो. येत्या सुट्टीत मगन संग्रहालय पाहून यावे. मग आपापल्या मोहल्ल्यातील सर्वांत जुन्या कारागिराकडे वही घेऊन बसावे. धंदा कोणाकडून शिकला, माल कोठून येई, गिऱ्हाईक कोण होते, बाजार कोणत्या वर्षी फिरला, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. गाद्या भरणारे म्हातारे हात आता थोडेच उरले आहेत, आणि त्यांची हकिकत कोणत्याही गॅझेटियरमध्ये पुरी लिहिलेली नाही.