राधेय की कौंतेय? शिरवाडकरांचा कर्ण
नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. १९३२ साली त्यात वीस वर्षांचा एक तरुण सहभागी झाला : वि. वा. शिरवाडकर. पुढे १९५३ साली त्यांनी कर्णावर नाटक लिहिले, ‘कौंतेय’. या दोहोंत थेट धागा जोडणे धाडसाचे ठरेल; पण जन्मावरून दार बंद होताना त्यांनी पाहिले होते, हे विसरता येत नाही.

शीर्षकच पाहा. गीतेत ‘कौंतेय’ हे संबोधन अर्जुनाचे. कर्णाची ओळख ‘राधेय’. सूताघरी वाढलेल्या या थोरल्या भावाने अर्जुनाला आव्हान देताच कृपाचार्यांनी त्याचे कुळ विचारले.

ईडिपसला सत्य कळते ते सर्व घडून गेल्यावर. कर्णाला ते युद्धापूर्वीच कळते, आणि तरीही तो राधेला व दुर्योधनाला सोडत नाही. कुंतीला वचन मात्र देतो : अर्जुनाखेरीज इतर पांडवांना मारणार नाही, मी पडो वा अर्जुन, तुझे पाच पुत्र राहतील.

पांडव अखेरपर्यंत अनभिज्ञच राहतात. युद्ध संपल्यावर, गंगेकाठी तर्पणाच्या वेळी कुंती प्रथमच सांगते : याच्याही नावाने पाणी सोडा, हा तुमचा थोरला भाऊ.