शिवथरचे खोरे आणि शिक्क्याची राखण
वरंध घाटाच्या पायथ्याशी, शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ही घळ शोधून काढल्यापासून तिला या परंपरेचे स्थान मिळाले. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर असून, अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, वाचणाऱ्याने कोठे अडखळू नये, यावर त्याचा कटाक्ष आहे. याच समर्थांनी अफझलखानाच्या स्वारीची सूचना ओळींच्या आद्याक्षरांत दडवून शिवरायांस धाडली, ही कथा लोकप्रिय खरी. पण इतिहास म्हणून ती स्वीकारण्यास मन धजत नाही.

शिवरायांच्या राजदफ्तराची चिंता निराळी होती. पत्र कोणी वाचील याहून, वाटेत कोणी त्यात ढवळाढवळ करील, ही भीती मोठी. म्हणून पत्राच्या माथ्यावर अष्टकोनी मुद्रा उमटे. मजकूर संपताच मर्यादेचा शिक्का पडे, की त्याखाली एक ओळही कोणास वाढवता येऊ नये. आणि लांब पत्राचे बंद, म्हणजे कागदाचे तुकडे, जेथे एकमेकांस चिकटवलेले असत, त्या सांध्यांवरही शिक्का उठवीत, जेणेकरून मधला बंद काढून दुसरा घालणाऱ्याची लबाडी उघडी पडावी. राज्याभिषेकाच्या काळचा म्हणून प्रसिद्ध असलेला कानूजाबता राजपत्रे तपासून अधिक-उणे शुद्ध करण्याचे काम सचिवाकडे सोपवतो; लेखन मात्र चिटणिसाचे. एकाच हातून सनद पुरी होऊ नये, अशी ही तजवीज होती.

पण पत्र राखणारा हा शिक्का स्वतः राखायचा कसा? आज टपालाचा सर्व्हर मांडणारा कारकून याच पेचात असतो. त्याचा शिक्का म्हणजे त्याची खाजगी किल्ली; ती कीस्टोअर नावाच्या पेटीत, पेटीस पासवर्ड. परंतु सर्व्हर सुरू होताना पेटी आपोआप उघडावी, म्हणून तो पासवर्ड शेजारच्याच फाईलीत उघडा लिहून ठेवला जातो, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला. जावा प्रणालीतील अशा एका पेटीचा पूर्वनिर्धारित पासवर्डच मुळी ‘चेंजइट’, म्हणजे ‘बदला’, असा आहे. तरी तो न बदलणारे महाभाग आढळतातच.

पेशवाईत ही हयगय परवडणारी नव्हती. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे व प्रधानाचे, दोघांचेही नाव असल्यामुळे, गादीवर अगर प्रधानपदावर नवा पुरुष येताच शिक्का नवा कोरावा लागे.

मजकूर झाकण्याचे काम मात्र शिक्का करीत नसे. लाखेने बंद केलेला लखोटाही फोडता येतोच. खरोखर नाजूक असलेली गोष्ट कागदावर येतच नसे, ती जासुदाच्या तोंडी असे. इतिहाससंशोधकाच्या हाती म्हणून पुष्कळदा उरते ते शिक्क्यानिशी सहीसलामत पत्र, आणि त्यात एवढेच, की बाकीचा मजकूर आणणारा मुखजबानी सांगेल.