कुंभकोणमचा प्रतिनिधी
कुंभकोणम म्हटले की मला राजा सर टी. माधवराव आठवतात. १८२८ साली येथे मराठी कुटुंबात जन्मलेल्या माधवरावांनी त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाणगिरी केली. त्यांनी प्रजेचे हित पाहिले; पण त्यांची नेमणूक राजदरबारातून होई, प्रजेकडून नव्हे. तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये खालसा झाले, १८६६ मध्ये कुंभकोणमला नगरपालिका आली आणि पुढे मतदार राजा झाला. १९६७ च्या द्रमुक लाटेतही येथून काँग्रेसचे काशीरामन निवडून आले. १९८९, १९९६, २००१ व २००६ मध्ये द्रमुकच्या को. सि. मणींना कौल मिळाला. येथील मराठी घरे मूठभर. त्यांच्या मतांवर जागा ठरत नाही. ज्याच्या मतावाचून अडत नाही, त्याचाही अर्ज जो वाचतो, तोच खरा प्रतिनिधी, असे प्रशासनात राहून मला वाटते. परमुलुखातील वाचकहो, आपला अनुभव काय सांगतो?