उपाहारगृहे, विघटनकालीन सोव्हिएट संघातील

(१९८५–९१). सोव्हिएट संघाच्या अखेरच्या वर्षांतील, मुख्यत्वे मॉस्कोमधील, बाहेरच्या जेवणाची व्यवस्था. रोजचे जेवण कारखान्याच्या वा कचेरीच्या ‘स्तलोवाया’त, म्हणजे खाणावळीत होई, ‘रेस्तराँ’त जायचे ते लग्नाला, वाढदिवसाला, वाद्यवृंदावर नाचायला. ती सरकारी असल्याने गिऱ्हाईक वाढून नोकरांच्या पदरात काही पडत नसे. दारावर ‘जागा नाही’ ही पाटी आणि आत रिकामी टेबले, हे नेहमीचेच. दरवानाच्या हातावर काही टेकवले की जागा निघे.

मेनूकार्ड : अनेक पानी. पदार्थापुढे ग्रॅममध्ये वजन छापलेले असे. किंमत मात्र हाताने लिहीत आणि जिच्यापुढे ती असे तेवढीच वस्तू मिळे. टंचाईचा अंदाज घेण्यास या कोऱ्या जागा सरकारी आकड्यांहून अधिक विश्वसनीय मानाव्या लागतात.

मद्य : मे १९८५ च्या मद्यपानविरोधी मोहिमेनंतर दुपारी २ पूर्वी विक्रीस मनाई.

सहकारी उपाहारगृहे : आंद्रेई फ्योदोरव यांचे ‘क्रपोतकिन्स्काया, ३६’ (मॉस्को, १९८७) हे यांतील आरंभीचे. सहकारविषयक कायदा त्यानंतर, मे १९८८ मध्ये झाला. सहकारी साखर कारखाना डोळ्यांसमोर ठेवून या शब्दाकडे पाहू नये; सहकार नावापुरता, व्यवहार खाजगी धंद्याचा. माल खुल्या बाजारातून चढ्या भावाने घ्यावा लागे, त्यामुळे दर सामान्यांच्या आवाक्याबाहेर. खंडणीखोरांचा उपद्रवही होता.

मॅक्डॉनल्ड्स : पुश्किन चौकात, पूर्वीच्या ‘लिरा’ कॅफेच्या जागी, ३१ जानेवारी १९९० रोजी सुरू झाले. पहिल्या दिवशी ३०,००० हून अधिक गिऱ्हाइके आली. बिग मॅक ३ रूबल ७५ कोपेक. कंपनीच्या कॅनडा शाखेचे जॉर्ज कोहन १९७६ पासून वाटाघाटी करत होते. भागीदारीत मॉस्को नगरपालिकेचा वाटा निम्म्याहून अधिक होता. सरकारी पुरवठ्याचा भरवसा नसल्याने पाव, मांसाच्या टिकिया, दूध यांसाठी शहराच्या कडेला सोल्न्त्सेवो येथे स्वतंत्र कारखाना उभारावा लागला. लोकांना नवल वाटले ते पैसे रूबलमध्ये घेतात याचे आणि वाढणारी मुले हसतात याचे. रिकामी खोकी धुऊन घरी ठेवणारेही होते.

पिझ्झा हट : मॉस्को, सप्टेंबर १९९०. ऑगस्ट १९९१ च्या कट्टरपंथीयांच्या उठावात ‘व्हाइट हाउस’मधील (मॉस्कोतील रशियन संसद भवनातील), रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या समर्थकांना येथून पिझ्झा पोचला.

चलन : जानेवारी १९९१ मध्ये ५० व १०० रूबलच्या जुन्या नोटा रद्द, एप्रिलमध्ये सरकारी दरवाढ.

भारतीय : ‘देल्ही’, मॉस्को.