कातडीवरची ऊब वाचताना

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत थर्मल कॅमेऱ्याचं कुणाला नवल नाही. मेंटेनन्सची माणसं तो इलेक्ट्रिक पॅनेलसमोर धरतात. जिथला नट ढिला, ती जागा पडद्यावर उजळते. नट आवळून, लोड देऊन पुन्हा पाहिलं की दुरुस्ती झाली की नाही ते कळतं. हाच कॅमेरा फौंड्रीत दिवसभर ग्राइंडर धरणाऱ्याच्या खांद्यावर रोखला, तर उपचाराचा गुण कळेल का? आपला विषय या प्रश्नातून सुरू होतो.

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधलेली अवरक्त किरणं आपली कातडी सतत सोडत असते, आणि कॅमेरा टिपतो ती तेवढीच. दुखणं त्याला दिसत नाही. पॅनेलमधली चकचकीत तांब्याची पट्टी भोवतालची उष्णता परावर्तित करून त्याला चकवते. कातडी तशी चकवत नाही, तिची उत्सर्जकता सुमारे ०.९८ असते. अडचण वेगळी आहे. कातडीची ऊब तिच्याखालच्या रक्तप्रवाहावर ठरते. सुजेने जागा तापते, पण जुनाट दुखण्यात तीच जागा गारही निघते. स्नायूतल्या दुखऱ्या गाठींबद्दल तर अभ्यासांचे निष्कर्ष आपसांत जुळत नाहीत.

म्हणून चित्र घेण्याआधीची तयारी महत्त्वाची. पाळी सुटून माणूस येतो तेव्हा अंगात भट्टीची धग असते, पोटात गरम चहा, गालात तंबाखू, खांद्यावर बाम. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आखडतं. बाम चोळलेला असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलवावं. पंखा बंद करून, बावीस-तेवीस अंशांच्या खोलीत, शर्ट काढून पंधरा मिनिटं नुसतं बसू द्यावं. मग डावा खांदा उजव्याशी ताडावा. निरोगी अंगात हा फरक सहसा अर्ध्या अंशाच्या आत राहतो. शेक किंवा मालिश झाल्या झाल्या घेतलेलं चित्र फक्त शेकाची आणि चोळण्याची ऊब दाखवतं. उपचाराचा गुण पाहायचा तर काही दिवसांनी, त्याच वेळी, त्याच अंतरावरून पुन्हा चित्र घ्यावं.

उसण भरलेल्या कामगाराला ‘नाटक करतोय’ हे फार लवकर ऐकावं लागतं. पडद्यावर काही दिसलं नाही म्हणून त्या बोलण्याला आपल्या चित्राची साक्ष मिळू नये. मान किती वळते, कुशीवर झोप लागते का, हे त्याला प्रत्येक वेळी विचारावं आणि चित्राच्या आधी वहीत उतरवावं.