काकांचा साचा

स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असं समितीने कळवलं तेव्हा सहल, स्नेहसंमेलन, पावसाळ्यात चिखल होणारं मैदान याच गोष्टी आधी सुचल्या. त्या इतर मित्रमैत्रिणी माझ्याहून रंगवून लिहितील. मी लिहितो आहे ते आपण आठवीत असताना शाळेबाहेर घडलं. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. साठएक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. आपल्या तुकडीतल्या निदान चौघांचे वडील त्यात होते, हे आता मोजताना लक्षात येतं. वर्गात तेव्हा कुणी त्याबद्दल बोललं नाही. माझे काकाही त्यात होते.

डोंबिवली म्हटली की बँकवाले, एलआयसीवाले, मंत्रालयातले कारकून, दिवाळी पहाटेचा फडके रोड असं चित्र उभं राहतं. ते खोटं नाही, पण ते आठच्या लोकलचं चित्र आहे. पहाटेच्या गाडीची डोंबिवली वेगळी होती. पहिली पाळी सातला सुरू व्हायची, म्हणून काका अंधारात विष्णुनगरहून निघायचे आणि करी रोडला उतरायचे. लालबागच्या खोलीत पाच भावंडांच्या संसारांना जागा पुरेना, तेव्हा त्यांनी डोंबिवलीत चाळीतली एक खोली घेतली होती. आठ वर्षं बदली कामगार म्हणून रोज गिरणीच्या दारात उभं राहिल्यावर त्यांना साचेखात्यात कायम केलं गेलं. साचा म्हणजे माग. चार साच्यांवर काम करणाऱ्या माणसाचे कान कसे होतात ते काकांशी बोलताना कळे. घरातही ते ओरडूनच बोलत.

संपाचं तात्कालिक कारण बोनस. १९८१ च्या दिवाळीच्या सुमारास काही गिरण्यांत काम थांबलं आणि कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. घाटकोपरचे डॉक्टर, खाणमजुरांपासून कामगार चळवळीत आलेले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इंजिनीअरिंग आणि औषधांच्या कारखान्यांत त्यांनी मोठे पगारवाढीचे करार करून दाखवले होते. गिरणी कामगाराला ते शेजारी दिसत होतं. काकांच्याच चाळीत खाली राहणारा, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान मुलगा एका कारखान्यात त्यांच्यापेक्षा जास्त पगार घेत होता.

पण सामंतांशी बोलायला मालक कायद्याने बांधील नव्हते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. बहुसंख्य कामगार दुसरीकडे गेले तरी करार त्यांच्याशीच व्हायचा. म्हणून पगारवाढीबरोबर तो कायदा रद्द करण्याची मागणी आली, आणि तिथे प्रश्न बोनसचा राहिला नाही. त्याच जानेवारीत मुख्यमंत्रिपदावरून अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले. निर्णय दिल्लीत होणार होते, आणि गिरण्यांत नमतं घेतलं तर सामंतांना इतर उद्योगांत कोण थोपवणार, ही दिल्लीची धास्ती होती.

आमच्या घरी या संपावर जे वाद झाले ते मला अजून शब्दशः आठवतात. वडील रेल्वेत. १९७४ चा मे महिन्यातला रेल्वे संप त्यांनी अंगावर घेतला होता. वीस दिवसांत तो मोडला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यांतले बरेच जण नंतर, जनता सरकार आल्यावर, परत घेतले गेले. त्या अनुभवावरून ते काकांना सांगत, "महिनाभर बघ, नाहीतर मुकाट्याने जा. नोकरी राहिली तर पुढच्या वेळी भांडता येईल." काका ऐकत नसत. वर्षाच्या शेवटी काही गिरण्या थोड्या थोड्या सुरू झाल्या, तेव्हा परत येणाऱ्यांकडून हमीपत्र मागत होते. काकांनी सही केली नाही. "डॉक्टरच्या नादी लागून घर बुडवलं," हे वाक्य आमच्या नातेवाइकांत पुढे पंचवीस वर्षं चाललं. लग्नकार्यात काका दिसले की कुणीतरी ते हळूच म्हणायचंच.

मला या वाक्याचा राग आहे, म्हणून हा लेख. वडिलांचा सल्ला शहाणपणाचा होता, पण तो रेल्वेला लागू होता. रेल्वेला रूळ उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. गिरणीला साचे नेता येत होते, आणि ते जायला संपाच्या पंचवीस वर्षं आधीच सुरुवात झाली होती.

ते गेले कुठे, तर आपल्या खाडीच्या पलीकडे. स्वातंत्र्यानंतर हातमाग वाचवायचा म्हणून सरकारने पन्नाशीच्या दशकात गिरण्यांना नवे साचे बसवण्यावर बंधनं घातली. देशाची लोकसंख्या वाढत होती, कापड तर लागणारच. ती वाढ हातमागाला फारशी मिळाली नाही. ती यंत्रमागाने घेतली. भिवंडीत उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये चार-सहा माग टाकणं सोपं होतं. अबकारी करात सवलत, कामगार कायद्यांचा ससेमिरा जवळजवळ नाही, बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. तेच कापड गिरणीत विणायला कितीतरी महाग पडे. माग तरी कुठले? बरेचसे मुंबईच्या गिरण्यांनीच भंगारात काढलेले. नफ्यातला पैसा अनेक मालकांनी नव्या यंत्रांत घालण्याऐवजी दुसऱ्या धंद्यांत घातला होता. संप सुरू झाला तेव्हा गोदामांत माल साठलेला होता, आणि तो संपल्यावर अनेक गिरण्यांनी भिवंडीहून कापड विणून घेऊन त्यावर आपला छाप मारून विकलं. अडीच लाख लोक घरी बसले असताना बाजारात कापडाची टंचाई जाणवली नाही. ज्या संपात मालाचा तुटवडा पडत नाही तो संप किती ताणणार?

१९८३ मध्ये काका भिवंडीला कामाला गेले. कल्याणपर्यंत लोकल, पुढे दुर्गाडीच्या पुलावरून एसटी. हजेरीपुस्तक नाही, फंड नाही, ईएसआयचं कार्ड नाही. पहिल्या आठवड्यात परत आल्यावर त्यांनी वडिलांना जे सांगितलं ते मी ऐकलं आहे: "माग आमच्याकडचेच आहेत रे. मी ओळखतो ना. फक्त वरचं छप्पर बदललंय." मजुरी गिरणीच्या निम्म्याच्या आसपास पडत होती. मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल उसळली, तिच्या झळा ठाण्या-मुंबईपर्यंत आल्या, आणि त्यानंतर काकूंनी त्यांना पुन्हा जाऊ दिलं नाही. पुढे टिळकनगरजवळ उभ्या राहणाऱ्या एका इमारतीवर त्यांनी रखवालदारी केली. ज्या हाताने तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत सांधला जाई, त्या हातात टॉर्च आणि काठी.

घर काकूंनी चालवलं. डोंबिवलीच्या पोळीभाजी केंद्रांचं कौतुक आपण सगळे करतो, पण त्यामागचं गणित मला काकूंच्या तव्याजवळ कळलं. पहाटेच्या गाडीतला गिरणी कामगार कमी होत होता, आणि आठच्या गाडीत नोकरी करणाऱ्या बायका वाढत होत्या. संध्याकाळी थकून उतरणाऱ्या त्या बायकांना तयार पोळ्या हव्या होत्या. एकाच रेल्वेने एका घरातली मिळकत नेली आणि दुसऱ्या दाराने थोडी परत आणली. आपल्यापैकी काहींच्या डब्यात दहावीच्या वर्षी काकूंच्या पोळ्या असतील. त्यांनी नाव सांगायला मनाई केली होती, म्हणून मी तेव्हा सांगितलं नाही.

बाकीची हकीकत पटकन सांगतो. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. सुमारे लाखभर कामगारांना परत घेतलं गेलं नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतल्या तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. १९८४ मध्ये सामंत दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले, तेही इंदिराजींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेत. म्हणजे हरलेल्या कामगाराने मत त्यांनाच दिलं. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग हा भेद काढून टाकला आणि आजारी गिरण्या बंद व्हायला वाट मोकळी केली. त्याच वर्षी काकांनी हिशेब घेऊन राजीनाम्यावर अंगठा नाही, सही केली. ही दुरुस्ती ते दर वेळी करत. सामंतांचा खून झाला तो १६ जानेवारी १९९७ ला. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

मग राहिली जमीन. १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी ठरली होती. २००१ मध्ये दुरुस्ती करून ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली, बांधकामाखालची जमीन वगळली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल झाला. आपल्यातले बहुतेक जण तिथे जाऊन आले असतील, मीही गेलो आहे, आईस्क्रीम चांगलं मिळतं.

म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये काढली. घरं काही हजार, अर्ज दीड लाखाच्या घरात. काकांचा अर्ज मी भरला. १९८२ च्या सुरुवातीला गिरणीत असल्याचा पुरावा लागत होता. काकांनी ट्रंकेतून तिकीट नंबराचं कार्ड, ईएसआयचं कार्ड आणि बोनसची एक पावती काढली, तिघांना एकच रबर लावलेलं. सोडतीत नंबर लागला नाही. काका गेले, अर्ज आता चुलतभावाच्या नावावर आहे. अलीकडे सरकारने शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली आहेत. लालबागहून डोंबिवली, डोंबिवलीहून वांगणी. गाडी तीच, दिशाही तीच.

त्या चौघांपैकी दोघांशी हा लेख लिहिताना फोनवर बोललो. एकाच्या वडिलांचं कार्ड अजून घरात आहे, दुसऱ्याच्या आईने संपाच्या वर्षातली रेशनची वही जपली आहे. मेळाव्याच्या दिवशी तळमजल्यावरच्या खोलीत एक टेबल मागून घेतलं आहे. ज्यांच्याकडे असं काही असेल त्यांनी घेऊन यावं. लॅमिनेशन करू नका, मागचे शिक्के वाचायचे आहेत.